वाकळीचे दफ्तर

बहरीनची राजधानी मनामा हिच्या पश्चिम अंगाला जो नवा भाग सीफ या नावाने ओळखला जातो, त्या नावाचा अर्थ समुद्रकिनारा असा आहे. परंतु ज्या भूमीवर आज येथील उंच इमारती, पेढ्यांच्या कचेऱ्या आणि १९९७ साली उघडलेला सीफ मॉल उभा आहे, ती बहुतांशी दोन पिढ्यांपूर्वी भूमीच नव्हती. तेथे उथळ पाणी होते, ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी पुळण होती, आणि माणसाने वर्षानुवर्षे वाळू व दगड ओतून भर घातल्यानंतर किनारा पुढे सरकला. माझ्या घराच्या खिडकीतून या भरावाची कड दिसते, आणि जुन्या बेटाला जोडलेल्या या नव्या जमिनीकडे पाहताना आजीच्या तोंडचा एक शब्द मला हटकून आठवतो, तो म्हणजे ठिगळ. कऱ्हाडाकडच्या आमच्या घरात हा शब्द कोणाला हिणवण्यासाठी वापरला जात नसे. जे विरले आहे त्याला अजून टिकाऊ असलेल्याचा आधार द्यावयाचा, आणि तो अशा बेताने द्यावयाचा की दोहोंचे मिळून एकच वस्त्र व्हावे, या कृतीचे ते नाव होते.

त्या घरातून निघालेली एक वाकळ गेली कित्येक वर्षे सीफमधल्या या घरात नांदते आहे. जिला अन्यत्र गोधडी म्हणतात तिला आमच्या कृष्णाकाठी वाकळ म्हणतात. तीच तान्ह्या मुलासाठी लहान आणि मऊ केली की तिचे दुपटे होते. येथे तिच्या ऋतूंचा क्रम उलटा झाला आहे. बाहेर उन्हाळा पराकाष्ठेला पोचला की घरातील यंत्रे खोल्या इतक्या गार करतात की वाकळ माघापेक्षा ज्येष्ठातच अधिक लागते. रोज अंगावर घेतल्या जाणाऱ्या वस्तूकडे आपण पाहत नाही, हा सर्वसाधारण नियम आहे, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो.

तिच्याकडे मी प्रथम नीट पाहिले ते एका शेजारणीमुळे. त्या वयस्क बहरिनी बाईंच्या माहेरी, मुहर्रक येथे, कुरारचे काम चालत असे. कुरार म्हणजे जरीच्या धाग्यांची बोटांवर विणलेली पट्टी. ती वस्त्राच्या कडेला शिवतात, आणि एकीच्या बोटांना ते काम आटोपण्याजोगे नसल्यामुळे काही जणींना एकत्र बसूनच ते करावे लागते. बाईंनी आमची वाकळ हाती घेतली आणि सर्वांत आधी ती उलटी केली. मागच्या बाजूचे टाके त्यांनी अंगठ्याने चाचपले, कडेपासून मध्यापर्यंत दोऱ्याच्या वाटेवरून बोट फिरवले, आणि विचारले, "हिचे नाव काय?" मी सांगितले की ही माझ्या आजीने शिवली. त्या म्हणाल्या, "आजीचे नाव सांगा, आणि दुसरीचेही सांगा. हे दोघींचे काम आहे." मग त्यांनी मला ती जागा दाखवली जेथे टाक्याची लांबी बदलते, जेथे दोरा किंचित अधिक ताणलेला आहे, आणि जेथून पुढे मध्यापर्यंत एक निराळा, अधिक सराईत हात चालत गेला आहे.

त्या रात्री मी आईला फोन केला. आई म्हणाली, "व्हय रे, एक बाई यायची चैतात, वाकळी शिवायला. दोन पायली जोंधळं द्यायचो." तिचे नाव आईला आठवेना. ते आठवणारे कोणी आता घरात उरलेही नाही. ज्या वाकळीला मी आयुष्यभर आजीच्या मायेची ऊब म्हणत आलो, तिचा अर्धा भाग एका अशा स्त्रीच्या कौशल्याने सिद्ध झाला होता, जिला मोबदल्यात धान्य मिळाले आणि स्मरण मात्र मिळाले नाही.

वाकळीचा सन्मान आपल्या परंपरेने केला नाही असे कोणी म्हणणार नाही. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शेकडो तुकड्यांची जीर्ण कंथा हे विरक्ताचे वैभव ठरले. नाथपंथी जोग्यांनी ती खांद्यावर वागवली. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) पासोडीवर, म्हणजे पांघरावयाच्या जाड्याभरड्या वस्त्रावर, आपले पंचीकरण लिहून त्या वस्त्राला ग्रंथाची प्रतिष्ठा दिली. आणि आपल्या काळाला लागून असलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) चिंध्यांचे वस्त्र पांघरीत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले. परंतु या सर्व सन्मानांत एक गोष्ट समान आहे. मान मिळाला तो पांघरणाऱ्याच्या वैराग्याला. ज्या हातांनी ते वस्त्र जुळवले त्यांची चौकशी झाली नाही. आमच्या पिढीने वैराग्याच्या जागी वात्सल्य आणले, आणि गोधडी म्हणजे मायेची ऊब हे समीकरण इतके रूढ केले की त्यापलीकडे काही पाहावयाचे उरले आहे असे वाटेनासे झाले. हे समीकरण खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणात एक अन्यायही आहे. माया सर्वच आयांच्या ठायी असते, आणि म्हणून तिचे कौतुक करताना कोणा एकीच्या बुद्धीची, दृष्टीची व हाताची पारख करण्याची जबाबदारी आपल्यावर येत नाही.

या उपेक्षेला एक अपवाद मात्र फार प्राचीन आहे, आणि तो विसरता येण्यासारखा नाही. विनयपिटकात अशी कथा आहे की मगधातील बांध घातलेली शेते पाहून बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला विचारले की भिक्षूंचे चीवर या आकृतीचे करता येईल काय. आनंदाने तुकडे जुळवून तसे चीवर सिद्ध केले, तेव्हा बुद्धांनी भिक्षूंसमोर त्याची प्रशंसा केली ती त्याच्या भक्तीसाठी वा कष्टाळूपणासाठी नाही. थोडक्यात सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ ज्याला विस्ताराने कळतो आणि शिवणींची आखणी ज्याला साधते, तो पंडित होय, महाप्रज्ञ होय, असा तो गौरव होता. तुकडे जोडण्याच्या कर्माला प्रज्ञा हा शब्द तेव्हा लावला गेला. तो पुन्हा वाकळीला लावता येतो की नाही हे पाहण्यासाठी ती कशी होते हे पाहिले पाहिजे.

सुगी आटोपली, शेते मोकळी झाली आणि ऊन कडक पडू लागले की वाकळीचे काम निघे. घरातील जुनेर आधीपासून बोचक्यात बांधून ठेवलेले असे. जुने लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. बसण्याउठण्याच्या जागी ते आधी झिरते. काठ आणि पदर त्यांच्या घट्ट विणीमुळे पुष्कळ काळ तग धरतात. म्हणून पहिला निर्णय कात्रीपूर्वीच घ्यावा लागतो: कोणता भाग पोटात घालावयाचा, कोणता वर घ्यावयाचा, आणि कोठे दांड घालून, म्हणजे विरलेला भाग काढून टाकून दोन चांगली टोके जोडून, लुगड्याला पुन्हा उभे करावयाचे. वाकळीच्या चहूबाजूंनी काठ फिरवतात, आणि त्यामुळे तिला चित्राच्या चौकटीसारखी शोभा येते; परंतु ओढाताण सर्वाधिक कडेलाच होते आणि काठ हाच लुगड्याचा सर्वांत मजबूत भाग असतो, हे त्या शोभेचे मूळ कारण आहे. येथे उपयोग आणि सौंदर्य यांचा निकाल एकाच निर्णयाने लागतो.

मग सारवलेल्या जमिनीवर खालचे लुगडे अंथरतात आणि त्याच्या कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, दगड असे काही जड ठेवतात, म्हणजे ते ताणलेले राहते. त्यावर पोटातले थर येतात: धोतराची पाने, सदऱ्यांच्या पाठी, फाटक्या चादरी. ते पसरताना एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या सांध्यावर येऊ नये याची काळजी घ्यावी लागते. चांगला गवंडी भिंतीत दगडांचे सांधे एकाखाली एक येऊ देत नाही, त्याच जातीचे हे शास्त्र आहे. वरचे वस्त्र घातल्यावर लांब टाक्यांनी सगळे टाचून घेतात आणि नंतर कडेपासून धावदोरा सुरू होतो. दोरा कडेने फिरत एक चौक पुरा करतो, त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, त्याच्या आत तिसरा, आणि अशा आवर्तनांनी तो मध्याकडे सरकतो. या मार्गात एक संकट दडलेले असते. कडेपासून आत येताना जादा कापड आतल्या बाजूला ढकलले जाते, आणि ते वेळीच तळहाताने सारून दिले नाही तर मध्यावर चुणी पडते. वाकळीची परीक्षा म्हणून तिच्या मध्यावर होते. आमच्या वाकळीचा मध्य सपाट आहे, पाण्यासारखा सपाट आहे, आणि तो त्या दुसरीच्या हातचा आहे.

रंगांच्या बाबतीत शिवणारीजवळ चित्रकाराचे स्वातंत्र्य नव्हते. चंद्रकळेचा काळा तुकडा एकच होता, डाळिंबी खणाचे दोन होते, आणि इरकली पदराची लाल पट्टी हातभरच होती. तथापि ती पट्टी मधोमध न लावता एका अंगाला लावावी, काळ्याला दोन्ही डाळिंबी तुकड्यांपासून सारख्या अंतरावर ठेवावे, आणि फिक्या सदऱ्याच्या कापडाने दोहोंमध्ये विसावा निर्माण करावा, हा विचार कोणीतरी केला आहे. वस्त्र किती आणि कसले मिळणार हे ज्याच्या हाती नाही, त्याने मिळालेल्यातून असा समतोल साधावा, याला बुद्धी म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे? आपण ओवीच्या बाबतीत हे मान्य करतो. जात्याच्या फेऱ्याने घातलेल्या मापात जे बसेल तेवढेच बोलावयाचे असताही बाईने त्यात आपले सारे जगणे बसवले, असे आपण आदराने म्हणतो. वाकळ ही त्याच स्त्रीची दुसरी रचना आहे. ती कानांऐवजी डोळ्यांसाठी आणि त्वचेसाठी आहे, इतकाच भेद.

वाकळ ही जशी रचना आहे तसे ते एक दफ्तरही आहे. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत वस्त्रांसाठी जामदारखाना होता, बिछायत व तंबूंसाठी फरासखाना होता, आणि शालू, शेले व खिलतीची वस्त्रे यांची मोजदाद ठेवणारे कारकून होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत, आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासूनच्या काही वर्षांत त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. रुमाल म्हणजे मुळात ज्यात कागद बांधून ठेवावयाचे ते फडके. दफ्तरखान्यात वस्त्र कागदाला सांभाळते. वाकळीत वस्त्र हाच कागद असतो. आमच्या वाकळीच्या पोटात हातमागावरचे जाड पान आहे, त्यावर गिरणीच्या मऊ धोतराचा थर आहे, आणि एका कोपऱ्याला टेरिलीनचा एक तुळतुळीत तुकडा आहे. आमचे चुलत आजोबा साताऱ्याकडच्या हजारो माणसांप्रमाणे मुंबईच्या गिरणीत होते आणि दिवाळीला गावी येताना कापड आणीत. १८५४ साली मुंबईत ज्या गिरणी-उद्योगाची स्थापना झाली आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर जो पुन्हा सावरला नाही, त्याचा आरंभ आणि शेवट इतिहासकार कागदांतून सांगेल. आमच्या घरी तो त्या धोतराच्या थरात आहे, आणि त्याच्यावर पुढे दुसरे धोतर आले नाही, यातही आहे.

सीफपासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर बहरीनचा प्राचीन किल्ला, कलात अल-बहरीन, आहे. १९५४ पासून डॅनिश उत्खनकांनी तेथील टेकाड खणावयास घेतले तेव्हा दिसून आले की ती टेकडी निसर्गाने केलेली नसून इसवी सनापूर्वी सुमारे २३०० पासून सोळाव्या शतकापर्यंतच्या मानवी वस्तीचे थर एकमेकांवर बसून ती उंच झाली आहे. दिल्मून या प्राचीन संस्कृतीचे ते एक प्रमुख केंद्र होते, आणि सिंधू संस्कृतीच्या मापाची वजने तेथे सापडली आहेत; तेव्हा आपल्या भूमीचा व या बेटाचा व्यवहार चार हजार वर्षांचा आहे. अलीकडच्या काळात या समुद्रातील मोती मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे जात आणि बसराई या नावाने मराठी नथीत व बुगडीत बसत. मोत्याचे वजन आणि पाणी सराफाच्या वहीत टिपले गेले. उलट वाटेने आलेल्या वाकळीची नोंद बंदरातील कोणत्याही दफ्तरात नाही, कारण तिला बाजारभाव नव्हता. टेकाडाच्या त्या कापलेल्या भिंतीसमोर मी पुष्कळदा उभा राहतो. जुन्यावर नवे रचावयाचे आणि जुने पोटात जपून ठेवावयाचे, ही जी पद्धत तेथे नगरांनी अजाणता पाळली, ती वाकळ शिवणारी स्त्री जाणीवपूर्वक पाळीत असते.

ज्यांनी अशा वस्त्रांकडे कला म्हणून पाहिले, त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे. बंगालच्या कांथा गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी गावोगाव फिरून जमवल्या. त्यांच्या नावाच्या कोलकात्याजवळील संग्रहालयातील एका प्रसिद्ध कांथ्यावर मानदासुंदरी या स्त्रीने, ती आपल्या वडिलांसाठी शिवल्याचे, सुईनेच लिहून ठेवले आहे. उत्तर कानडा जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपल्या कवंदीच्या कोपऱ्यांवर लहान तुकड्यांच्या घड्यांची फुले बसवतात आणि त्यांवाचून कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात, गीज बेंड या वस्तीत, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशातील स्त्रियांनी कामाच्या जीर्ण कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन येथे आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकारांच्या कृतींशी केली. ती तुलना मला फारशी आवश्यक वाटत नाही. वाकळीला थोर ठरवण्यासाठी तिला चित्र म्हणण्याची गरज नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की तेथे प्रत्येक गोधडीखाली ती शिवणारीचे नाव होते.

लोककला अनामिक असते, असे आपण फार सहजपणे बोलतो आणि अनामिकता हा जणू तिचा एक गुण आहे असे मानतो. वस्तुतः गावात कोणाचा हात कसा आहे हे सर्वांना ठाऊक असते. अमकीची वाकळ दहा पावसाळे टिकते, तमकीच्या वाकळीला चुणी पडते, हे पारखणारे डोळे गल्लीगल्लीत असतात. नाव हरवते ते पुढे, जेव्हा वस्तू गावाबाहेर जाते आणि लेखणी ज्यांच्या हाती आहे ते ते नाव विचारीत नाहीत. विचारले तर ते सापडते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव टिपून ठेवले. ज्या ओव्यांना आपण लोकांच्या म्हणून मोकळे झालो होतो, त्यांना त्यामुळे पुन्हा आपापल्या धनिणी मिळाल्या. वाकळीसाठी असे काम होणे अजून बाकी आहे.

आणि त्याला आता फार अवधी नाही. कृत्रिम धाग्याची साडी वर्षानुवर्षे विरत नाही, धुण्याने मऊ होत नाही, घाम शोषीत नाही, आणि थरांत घातली तर एकीवरून दुसरी घसरते. म्हणून तिची चांगली वाकळ होत नाही. ब्लँकेट स्वस्त झाले, सारवलेली जमीन गेली, आणि चैत्रातल्या रिकाम्या दुपारीही गेल्या. काही बचतगट शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी नव्या कापडाच्या सुबक गोधड्या शिवतात. त्यांतून स्त्रियांना रोख पैसे मिळतात ही स्वागतार्ह गोष्ट आहे, आणि ती केवळ जुने राहिले नाही म्हणून नाके मुरडण्याजोगी नाही. परंतु झिजलेल्या वस्त्रातून निर्णय करण्याची जी विद्या होती, ती झिजलेले वस्त्रच नसेल तर कोठून यावी? वाकळ भिंतीवर काचेत टांगून ही विद्या वाचणार नाही, कारण पोटातले थर काचेतून दिसत नाहीत. आणि तिच्यावर मायेचे गोडवे गाऊनही ती वाचणार नाही. ती वाकळ वाचता आली पाहिजे, आणि वाचता येण्यासाठी ती उलटी करून पाहिली पाहिजे.

आमच्याकडे घटस्थापनेपूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण कृष्णेवर नेऊन धुण्याची रीत आहे. त्या दिवशी घाटापासून वाळवंटापर्यंत गावभरच्या वाकळी उन्हात पसरलेल्या असतात. ती धुणी आटोपली की दिवाळीची आवराआवर सुरू होते. माळ्यावर, पेटाऱ्यात वा दिवाणाच्या पोटात एखादी वाकळ सापडेल. ती टाकून देऊ नका आणि तशीच पुन्हा घडी घालून ठेवूही नका. ती दिवसाच्या उजेडात जमिनीवर पसरा, उलटी करा, काठ कोठला आहे, पोटात काय आहे आणि मध्यावर चुणी आहे की नाही ते पाहा, आणि घरातील जाणत्या माणसाला विचारा की ही कोणी शिवली, कोणत्या गावी, कोणाच्या लुगड्यांतून, आणि शिवणारी घरची होती की मजुरीची. जे कळेल ते एका सुती फडक्यावर लिहून वाकळीच्या मागच्या कोपऱ्याला शिवून टाका.

मी माझ्या वाकळीला तसे फडके लावले आहे. त्यावर आजीचे नाव आहे, कऱ्हाडचे नाव आहे, आणि त्याखाली एक ओळ कोरी आहे. आई अजून गावातल्या जुन्या बायकांना विचारते आहे.